संपणारे हेलियम आणि फिरणारे हेलियम

जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचा विषय निघाला की ‘हेलियम संपले की ती निकामी होणार’ हे विधान हमखास कानी पडते. तिच्याआधीच्या स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीची हकीकत वेबच्या माथी मारल्याने हा घोटाळा होतो. अवरक्त, म्हणजे उष्णतेचे अदृश्य किरण टिपणारी दुर्बीण स्वतःच्या उष्णतेनेच झाकोळू नये म्हणून थंड ठेवतात, हे सर्वांना ठाऊक आहे आणि हेलियम दोन्हीकडे आहे, हेही खरे. मात्र स्पिट्झरमध्ये ते खर्च होत असे, वेबमध्ये ते फिरत राहते.

ज्या नागपूरकराच्या घरी कूलर आणि एसी दोन्ही आहेत, त्याला हा फरक अवघड वाटू नये. कूलरच्या टाकीतले पाणी ताट्यांवरून वाफ होऊन जाते, म्हणून ते रोज भरावे लागते. एसीतला वायू बंद नळ्यांतून फिरतो, आणि गळती नसेल तर तो भरावा लागत नाही.

2003 साली निघालेल्या स्पिट्झरमध्ये सुमारे 360 लिटर अतिप्रवाही (घर्षणाशिवाय वाहणारे) द्रवरूप हेलियम होते. मे महिन्यातली कोरडी हवा जशी कूलरला साथ देते आणि पावसाळ्यातली देत नाही, तशी इथे निर्वात अवकाशाची साथ होती: एरवी 4.2 केल्विनला (शून्य केल्विन म्हणजे सुमारे उणे 273 अंश सेल्सिअस) उकळणारे हेलियम कमी दाबामुळे दीड केल्विनच्याही खाली राही, आणि त्याची वाफ दुर्बिणीला थंडावा देत कायमची बाहेर निघून जाई. 15 मे 2009 रोजी टाकी रिती झाली. तरीही तिच्या एका कॅमेऱ्याचे सर्वांत कमी तरंगलांबीचे दोन पट्टे 2020 पर्यंत काम करत होते, त्यामुळे ‘हेलियम संपले, दुर्बीण मेली’ हे स्पिट्झरबाबतही खरे नाही.

वेबची तीन उपकरणे केवळ सूर्यकवचाच्या सावलीत 40 केल्विनच्या आसपास राहतात. हेलियमची गरज ‘मिरी’ या मध्य-अवरक्त किरण टिपणाऱ्या एकाच उपकरणाला आहे. ते 7 केल्विनच्या खाली ठेवायचे, तर कॉम्प्रेसरने दाबलेला वायू आधी सुमारे 18 केल्विनपर्यंत थंड करावाच लागतो, कारण सामान्य तापमानाचे हेलियम प्रसरण पावताना उलट तापते. मग अरुंद छिद्रातून पसरून तो आणखी थंड होतो, मिरीची उष्णता घेतो आणि कॉम्प्रेसरकडे परततो. बाहेर काहीच जात नाही. या सोयीची किंमत म्हणजे सततची वीज आणि हलत्या भागांची कंपने. माझ्या मते ती मोजण्याजोगी आहे.

वेबच्या हेलियमला ‘थंडाव्याचे इंधन’ मात्र कोणी म्हणू नये. वेबमध्ये खरोखर संपणारे इंधन तिची कक्षा सांभाळणाऱ्या थ्रस्टरांचे आहे, आणि तिला नेणाऱ्या आरियान 5 रॉकेटच्या अचूक उड्डाणामुळे ते वीस वर्षांहून अधिक पुरेल असा अंदाज आहे.