कलती मान ही खोड नव्हे

मूल मान कलती ठेवून पाहते ही निव्वळ खोड आहे आणि दटावल्याने ती सुटते, हा समज चुकीचा आहे. मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदूच्या बुंध्यातून, निघणारी चौथी कपालचेता (डोळा फिरवणाऱ्या एका स्नायूची नस) दुर्बळ झाली, तर दोन डोळ्यांतील प्रतिमा वरखाली सरकतात आणि त्या जुळवण्यासाठी मूल नकळत दोष असलेल्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूच्या खांद्याकडे मान झुकवते; अशा वेळी एक डोळा झाकला की मान बहुधा सरळ होते, हे दटावणाऱ्यांनी पाहावे. हा दोष पुष्कळदा जन्मजात असतो. मात्र कल नव्याने आला असेल, बुबुळे लयीत थरथरत असतील, तोल जात असेल किंवा सकाळी उलट्या होत असतील, तर मस्तिष्कस्तंभातील वा लहान मेंदूतील गाठीची शंका घेऊन तातडीने एमआरआय करावा लागतो. मान चोळण्यात तेवढा वेळ वाया जातो.