क्वाय नदीवरचे दोन पूल आणि दोन कर्नल

थायलंडमधल्या कांचनाबुरीला जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची तिथे पोचल्यावर थोडी निराशा होते. पूल सिनेमातल्यासारखा दिसत नाही. डोक्यात असतो तो घनदाट जंगलातला, खोल दरीवर उभा केलेला लाकडी पूल. समोर दिसतो तो सपाट प्रदेशातल्या रुंद नदीवरचा, काँक्रीटच्या खांबांवरचा, काळ्या लोखंडी कमानींचा पूल. सिनेमातला पूल तिथे कधी नव्हताच. तो श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, कितुलगला गावाजवळ केलनी नदीवर चित्रीकरणासाठी बांधला होता आणि चित्रीकरणासाठीच उडवून दिला.

‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ १९५७ साली आला. दिग्दर्शक डेव्हिड लीन, आणि ऑस्कर तब्बल सात. तेव्हापासून सिनेमातला पूल आणि इतिहासातला पूल यांची अशी काही सरमिसळ झाली आहे, की युद्धावर भरपूर वाचलेली माणसंही कधीकधी एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर सांगतात. खरा पूल दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैद्यांकडून आणि मजुरांकडून बांधून घेतलेल्या थायलंड-बर्मा रेल्वेवरचा. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पाहू.

आधी नदी. मूळ फ्रेंच कादंबरी पिएर बूलची, १९५२ सालची. बूल मलायात रबराच्या मळ्यांवर काम केलेला इंजिनिअर होता. युद्धात तो कैदेतही पडला, पण इंडोचायनात. या रेल्वेवर त्याने कधी काम केलं नव्हतं. रेल्वे बरंच अंतर क्वाय नोई नदीच्या काठाने जाते एवढं त्याला ठाऊक होतं, त्यावरून पूलही तिच्यावरच असणार असं त्याने धरलं. प्रत्यक्षात कांचनाबुरीजवळच्या टामरकनचा हा पूल होता मे क्लाँग नदीवर. सिनेमा गाजल्यावर पर्यटक क्वायवरचा पूल शोधत येऊ लागले. मग १९६०च्या दशकात थायलंडने सरळ नदीचंच नाव बदललं आणि त्या पट्ट्यातली मे क्लाँग ‘क्वाय याई’ झाली. सिनेमाने इतिहास बदलला असं आपण सहज म्हणून जातो, इथे त्याने नकाशा बदलला.

पूलही तिथे एक नव्हता, दोन होते. पहिला लाकडी, कामचलाऊ, १९४३च्या सुरुवातीला तयार झालेला. त्याच्याजवळच काही महिन्यांनी पूर्ण झालेला लोखंडी, ज्याचे गाळे जपान्यांनी जावाहून आणले होते. आज जो उभा आहे तो हाच. त्यातले कमानदार गाळे जुने आहेत, मधले दोन सरळ कोनाचे गाळे युद्धानंतरच्या दुरुस्तीतले.

सिनेमात जपानी इंजिनिअरांना धड जागाही निवडता येत नाही. ब्रिटिश अधिकारी येऊन नवी जागा शोधतात, नवा आराखडा काढतात, तेव्हा कुठे काम मार्गी लागतं. हे सपशेल खोटं. ४१५ किलोमीटरची ही रेल्वे जपानी लष्कराच्या इंजिनिअरांनीच आखली आणि सव्वा-दीड वर्षात पुरी करून घेतली. बर्मातल्या जपानी फौजेला रसद पोचवायला मलाक्काच्या सामुद्रधुनीचा मार्ग पाणबुड्यांमुळे धोक्याचा झाला होता, त्यामुळे त्यांना ती हवीच होती. त्यांच्याकडे कौशल्य होतं. माणसाच्या जिवाची किंमत तेवढी नव्हती. सिनेमाने नेमकं उलटं दाखवलं: जपानी अडाणी, पण छावणीतलं जगणं मात्र त्या मानाने बरंच सुसह्य. पडद्यावरचे कैदी फाटक्या कपड्यांत असले तरी अंगाने बरे भरलेले आहेत. टामरकनच्या कैद्यांचे फोटो पाहिले की हा फरक लगेच जाणवतो.

आता दोन कर्नल. खरी गुंतागुंत इथे आहे.

पडद्यावरचा कर्नल निकल्सन, म्हणजे अ‍ॅलेक गिनेस, हा हाडाचा लष्करी माणूस. अधिकाऱ्यांना अंगमेहनतीचं काम लावता येणार नाही हा जिनिव्हा कराराचा नियम तो छावणीप्रमुख सैतोच्या तोंडावर वाचून दाखवतो. त्यापायी पत्र्याच्या तापलेल्या कोठडीत दिवसच्या दिवस काढतो आणि शेवटी सैतोला नमवतो. इथवर तो नायक आहे. मग तो पाहतो, की आपले सैनिक मुद्दाम काम बिघडवताहेत, शिस्त सुटली आहे. यावर त्याला उपाय सुचतो तो उत्तम पूल बांधण्याचा. पुढे काम वेळेत होत नाही असं दिसल्यावर तो स्वतःच आपल्या अधिकाऱ्यांना कुदळ-फावडं धरायला लावतो आणि आजाऱ्यांच्या झोपडीत जाऊन हलकं काम करू शकणारे लोक गोळा करतो. ज्या तत्त्वासाठी जीव द्यायला निघाला होता, ते तत्त्व कुणी न मागता सोडून देतो. त्याला ते कळतही नाही. पटकथेतली मला सगळ्यात आवडणारी जागा हीच, कारण ती कुठेही ठासून सांगितलेली नाही.

टामरकनच्या छावणीतला सर्वांत वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी होता लेफ्टनंट कर्नल फिलिप टूसी. पेशाने बँकेतला माणूस, फावल्या वेळात राखीव दलाचा तोफखाना अधिकारी. सिंगापूर पडण्याआधी त्याला तिथून निघून जायची संधी होती. आपल्या माणसांना सोडून जायचं नाही म्हणून तो थांबला आणि कैद झाला. छावणीत त्याने शिस्त ठेवली, स्वच्छतेवर भर दिला, माणसांची बाजू घेऊन जपान्यांशी हुज्जत घातली, त्यासाठी मारही खाल्ला. काम झालं तर मार कमी, खाणं थोडं बरं, सुट्टी मिळण्याची शक्यता, असा त्याचा साधा हिशेब होता. म्हणजे वरवर पाहिलं तर निकल्सनचाच मार्ग. गोंधळ होतो तो इथे.

पण सिनेमातला इंजिनिअर अधिकारी सांगतो, की लंडन ब्रिजचे असेच लाकडी खांब ६०० वर्षं टिकले, आणि निकल्सनच्या डोळ्यांत तो आकडा चमकतो. टूसीच्या छावणीत कैदी वाळवी गोळा करून लाकडी पुलात सोडत होते आणि काँक्रीट मुद्दाम निकृष्ट कालवत होते. टूसीला याची कल्पना होती. बूनपाँग नावाचा एक थाई व्यापारी जीव धोक्यात घालून छावण्यांमध्ये औषधं आणि पैसे चोरून पोचवत असे, टूसीचं त्याच्याशीही संधान होतं. निकल्सनला पूल हवा होता, टूसीला माणसं जिवंत हवी होती. म्हणूनच सिनेमा आल्यावर टूसीच्या हाताखालच्या जुन्या सैनिकांना तो झोंबला. त्यांच्या कर्नलला जगाने शत्रूचा मदतनीस ठरवलं, असं त्यांना वाटलं. बूलने मात्र निकल्सन टूसीवरून घेतलाच नव्हता. इंडोचायनातल्या, शत्रूशी जुळवून घेणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्यांच्या आठवणींतून त्याने तो घडवला होता. फ्रेंच दुखणं ब्रिटिश गणवेश घालून पडद्यावर आलं आणि त्याचा भुर्दंड टूसीला पडला.

सैतो नावाचा माणूसही तिथे खरोखर होता, पण तो छावणीप्रमुख कर्नल नव्हे, हुद्द्याने बराच खालचा दुय्यम अधिकारी. इतरांच्या मानाने तो न्यायाने वागे. युद्धानंतर टूसीने त्याच्या बाजूने शब्द टाकल्यामुळे तो खटल्यातून सुटला.

शेवटाबद्दल फार बोलायची गरज नाही. सिनेमात कमांडो येतात, सुरुंग लावतात आणि गाडीसकट पूल नदीत कोसळतो. कादंबरीत पूल पडतच नाही. इतिहासात दोन्ही पूल सुमारे दोन वर्षं वापरात राहिले आणि दोस्तांच्या विमानांनी वारंवार बॉम्ब टाकून ते १९४५मध्ये निकामी केले. छावणी पुलाला खेटूनच होती, त्यामुळे त्या हल्ल्यांत कैदीही मेले. एवढी कडवट घटना हाताशी असताना सिनेमाने ती घेतली नाही, याचं आश्चर्य वाटतं.

अदलाबदल पडद्याबाहेरही झाली. पटकथेचं ऑस्कर मिळालं बूलला, ज्याला इंग्रजीत पटकथा लिहिण्याइतकं इंग्रजी येतच नव्हतं. खरे लेखक कार्ल फोरमन आणि मायकल विल्सन कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडच्या काळ्या यादीत होते, म्हणून त्यांची नावं गाळली होती. अकादमीने ही चूक १९८४मध्ये दुरुस्त केली, तेव्हा दोघंही हयात नव्हते.

मग इतक्या चुका असूनही हा सिनेमा अजून का धरून ठेवतो? कारण त्याचा विषय मुळात पूल नाहीच. चांगलं काम करण्याची ओढ माणसाला कुठवर नेऊ शकते, हा आहे. पूल पुरा झाल्यावर मावळतीच्या वेळी निकल्सन कठड्याशी उभा राहून आयुष्याचा हिशेब मांडतो: २८ वर्षांची नोकरी, त्यातले घरी काढलेले जेमतेम दहा महिने, आणि या सगळ्याचा कुणाला काही उपयोग झाला का ही शंका. बोलता बोलता हातातली छडी निसटून पाण्यात पडते. हे ऐकताना तो ब्रिटिश आहे, कैदी आहे, हे आपण विसरतो. ऑफिसात चुकीच्या साहेबासाठी मन लावून राबलेल्या कुणालाही हा माणूस ओळखीचा वाटेल. कैदी शीळ घालत वाजवतात ती ‘कर्नल बोगी’ ही लष्करी धून आणि तो स्फोट लोकांच्या लक्षात राहतात हे खरं, पण दुसऱ्यांदा सिनेमा पाहायला लावतो तो हा प्रसंग.

त्यामुळे चुकीची नदी, चुकीचा पूल, जपान्यांचा अडाणीपणा, हे सगळं मी कथेची सवलत म्हणून चालवून घेऊ शकतो. एक गोष्ट मात्र चालवून घेता येत नाही. या रेल्वेवर ६० हजारांहून जास्त दोस्त युद्धकैदी राबले आणि त्यांतले १२ हजारांहून अधिक मेले. पण त्यांच्या कितीतरी पट मजूर आशियाई होते, मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ, बर्मी, जावाचे, मलाय. काही पगाराच्या आमिषाने आलेले, काही धरून आणलेले. त्यांचा आकडा दोन लाखांच्या घरात जातो आणि मृतांचा निम्म्याच्या आसपास. १९४३च्या पावसाळ्यात कॉलरा आला तेव्हा कैद्यांकडे निदान स्वतःचे डॉक्टर आणि अधिकारी होते. या मजुरांकडे तेही नव्हते, आणि कोण कुठे मेलं याची नोंद ठेवणारंही कुणी नव्हतं. कांचनाबुरीच्या युद्धस्मशानात जवळजवळ सात हजार कबरी ओळीने आहेत, त्या युद्धकैद्यांच्या. अडीच तासांहून मोठ्या या सिनेमात आशियाई माणसं दिसतात ती कमांडोंना वाट दाखवणारे, त्यांचं ओझं वाहणारे थाई म्हणून, किंवा जपानी सैनिक म्हणून. रेल्वेवर राबलेल्या त्या मजुरांपैकी एकही लक्षात राहील असा त्यात नाही.