पेनड्राइव्हमधलं ‘डब मिक्स’

लग्नसराईत वरात पारापाशी थांबली की आमच्याकडे नवरदेवापेक्षा डीजेवाल्याभोवती पोरं जास्त. यंदा दारव्हा तालुक्यातल्या एका लग्नात मीही त्या घोळक्यात शिरलो. पिकअपवर स्पीकरची भिंत, मागे जनरेटर, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर एकाच गाण्याच्या चार फायली : ‘रिमिक्स’, ‘डब मिक्स’, ‘साउंड चेक’, ‘कॉम्पिटिशन’. यातल्या रिमिक्स आणि डबमध्ये फरक काय, विचारलं.

“काही नाही भाऊ, दोन्ही सारखेच. डब लिहिलं का बेस जास्त वाटते.”

बाजूचा म्हणाला, “डब म्हणजे साउथचा पिक्चर नं बाप्पा?”

दोघांचंही अगदीच चुकलेलं नव्हतं. हा शब्द मुळात नक्कल काढण्याचा. दोन कप्प्यांचा टेप ज्यांच्या घरी होता त्यांना ‘डबिंग’ आठवत असेल. गाण्यांची यादी दिली की बाजारातला दुकानदार कॅसेट भरून द्यायचा, ती तशाच टेपवर. कॅरिबियन बेटांतल्या जमैकात हेच काम तबकडीवर चालायचं. मऊ थराच्या तबकडीवर गाणं कोरून घ्यायचं, तिला डबप्लेट म्हणत. काही दिवस वाजवली की ती झिजायची, पण तेवढे दिवस ते गाणं एकट्याचं. तिथली राजधानी किंग्स्टन, तिच्या गल्ल्यांत स्पीकर रचून नाच भरवणारे साउंड सिस्टिमवाले, आपल्या डीजेवाल्यांचे थोरले भाऊच म्हणा ना, एकमेकांवर ताण करायला अशा तबकड्या कापून घेत. बाजारातून आणलेल्या तबकडीचं लेबलही खरवडून टाकत, म्हणजे दुसऱ्याला गाण्याचं नाव कळू नये. आपल्याकडे प्रत्येक अंतऱ्यात डीजेचं नाव ओरडतं ते त्याच पोटदुखीतून.

१९६७-६८ च्या सुमाराची गोष्ट. जमैकातले निर्माते ड्यूक रीड यांच्या ट्रेझर आयल स्टुडिओत रुडी रेडवुड नावाच्या साउंड सिस्टिमवाल्यासाठी डबप्लेट कापताना तंत्रज्ञ गायकाचा आवाज चढवायचा विसरला. रेडवुडने ती तशीच नेली. आधी पूर्ण गाणं वाजवलं, मग ही बिनआवाजाची तबकडी लावली, आणि नाचणारे लोक स्वतःच गाऊ लागले. निर्मात्यांना यात काटकसरही दिसली : तबकडीच्या मागच्या बाजूला दुसरं गाणं कशाला, पुढचंच गाणं गळा काढून मागे भरायचं आणि ‘व्हर्जन’ असं छापायचं.

या व्हर्जनची कला केली ती किंग टबी यांनी. खरं नाव ऑसबर्न रडॉक, पेशा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉटरहाउस भागातल्या घरी त्यांनी एका मोठ्या स्टुडिओतून निघालेलं चार ट्रॅकचं मिक्सर आणून बसवलं. ड्रम, बेस, गिटार, आवाज असं वेगवेगळं ध्वनिमुद्रण असलेली टेप लावायची आणि हात फेडरवर (आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीवर) ठेवून वजाबाकी करत जायची. आवाज अर्ध्या शब्दावर तोडला, पण तो अर्धा शब्द इको यंत्रात सोडला. शब्द संपला तरी त्याचं शेपूट हवेत फिरत राहिलं. गिटारचा एकच ठोका आला आणि गेला. खाली उरले ड्रम आणि बेस. खंजिरी भजनात रात्री दोनच्या सुमारास पेटीवाला चहाला उठतो आणि नुसती खंजिरी अन् टाळ उरतात, तेव्हा अंगावर येतं ना, तेच. डबमध्ये बाहेरून जवळपास काही आणत नाहीत. जे आहे तेच उघडं करतात.

रिमिक्सची वाट न्यूयॉर्कची. नाचणाऱ्यांना रंग चढतो न चढतो तोच तीन मिनिटांचं गाणं संपतं, ही अडचण. टॉम मोल्टन या मिक्स करणाऱ्याने गाण्यातले वाद्यांचे तुकडे लांबवून ती सोडवली. त्याच्या एका मिक्सची चाचणी तबकडी कापायच्या दिवशी लहान कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून मोठीवर कापली. खाच रुंद झाली, आवाज भरदार निघाला. (इथेही अपघातच.) १९७६ मध्ये साल्सोल कंपनीने डबल एक्स्पोजर या गायकगटाचं ‘टेन पर्सेंट’ बारा इंची तबकडीवर विकायला काढलं. वॉल्टर गिबन्स या डीजेने ते नऊ मिनिटांहून लांब केलं होतं. पुढे रिमिक्सवाल्यांची भीड चेपली : मूळ गाण्याचा फक्त गळा ठेवायचा, बाकी ताल, बेस, वेग सगळं नवं.

हाउस म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत; त्यात दोन्ही वाटा एकाच तबकडीवर भेटल्या. पुढच्या बाजूला रिमिक्स, मागे ‘डब’. त्या डबचा जमैकाच्या रेगे संगीताशी संबंध असेलच असं नाही. गाणं जवळपास नाही, एखादी ओळ इकोत, आणि डीजेला पुढचं गाणं जोडायला मोकळी जागा, एवढाच अर्थ. डबस्टेप हा जड बेसचा इलेक्ट्रॉनिक प्रकार तर पुढचंच नातवंड; त्यातल्या ‘डब’चा अर्थ आमच्या पोरांना कोणी सांगितलेला नाही.

मुळात डबला सुटे ट्रॅक हातात लागतात. ते आपल्याकडे कंपनीच्या कपाटात राहिले. २००० नंतर रिमिक्सची लाट आली तिच्यात बरीचशी ‘व्हर्जन रेकॉर्डिंग’ होती : जुनं गाणं नव्या गळ्यातून. मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली की नोटीस देऊन, रॉयल्टी भरून ते करता येई. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची झाली. गावच्या डीजेकडे तर फक्त पक्कं झालेलं एमपीथ्री. भाजीतून मीठ काढता येत नाही, वरून तिखट घालता येतं. म्हणून आमच्याकडचं सगळं वाजवणं बेरजेचं : खाली संदलचा ठोका, वर हॉर्न, मध्ये स्वतःचं नाव. ‘डब’ हे फायलीचं नाव तेवढं.

२०१९ मध्ये डीझर या कंपनीने आवाज आणि वाद्यं वेगळी करणारं ‘स्प्लीटर’ खुलं केलं, आणि तसलं काम करणारी ॲप आता मोबाइलवरही आहेत. त्या डीजेकडेही एक होतं, पण तो त्यातून फक्त गळा उपसायचा. मी म्हटलं, एकदा उलटं करून पाहा. गळा काढ, नुसते ढोलकी-बेस ठेव, एखादा शब्द इकोत सोड. त्याने केलं. अर्धा मिनिट पारावर जड, रिकामा ठेका घुमला, वर एका शब्दाचं शेपूट.

तेवढ्यात नवरदेवाचे मामा ओरडले, “वायर निघाली का बे?”