पहिला हुक कोण लावणार? लांबून लॉक होणाऱ्या अँकर-जोडणीची पार्श्वभूमी

'बेल्ट लाव, हुक मार' हे साइटवर दिवसभर ऐकू येतं. हुक मारायचा कशाला, हे त्या वाक्यात नसतं. डोक्यावर सहा मीटरवर आय-बीम म्हणजे पोलादी तुळई आहे, तिच्यावर अँकर, म्हणजे हुक अडकवायचा पक्का आधार, नाही. अँकर बसवायला कोणीतरी वर जायला हवं, आणि वर जाणाऱ्याला हुक मारायला अँकर हवा. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याने बीमला अडकवायचे आणि अडकताक्षणी लॉक होणारे जे माउंट, म्हणजे असे अँकर, आता बाजारात दिसतात, ते या पेचातून निघाले. म्हणून त्यांची हकिकत सांगताना दोर किती जाड झाला आणि पोलाद किती चांगलं झालं, यापेक्षा पहिल्या माणसाचं काय झालं हे बघावं लागतं.

आपल्याकडे हा विषय निघाला की कोणीतरी सिंहगड काढतंच. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, घोरपडीच्या कमरेला बांधलेला दोर. घोरपड माणसाचा भार पेलेल का, या वादात इथे शिरत नाही. पण गोष्ट रचणाऱ्याला अडचण नेमकी कळली होती. दोर माणसाच्या आधी वर पोचला पाहिजे आणि पोचल्यावर सुटता कामा नये. यातलं पहिलं काम काठीनेही होतं. दुसऱ्यासाठी नखं लागतात. कोकणातली आंब्याची फांदी ओढायची आकडी हे पहिल्या कामाचं साधन झालं. ती अडकते तशीच सुटतेही, आणि आंब्यासाठी तेवढं पुरतं.

नखांचं काम काठीच्या टोकावर आधी आणलं ते वीजवाल्यांनी. चालू तारेला हात न लावता काम करायच्या लाकडी काठ्या अमेरिकेत १९१० च्या दशकात वापरात आल्या. पुढे लाकूड जाऊन फायबरग्लास आलं. त्यातल्या एका प्रकाराची रचना बघण्यासारखी आहे. काठीच्या टोकाला एक हुक, आणि काठीवरच खाली सरकणारी मूठ. मूठ पुढे ढकलली की हुक बाहेर येतो आणि क्लॅम्पच्या डोळ्यात अडकवता येतो. मूठ मागे ओढली की हुक डोळ्यासकट आत जातो आणि क्लॅम्प काठीला घट्ट बसतो. मग सगळी काठीच फिरवायची, की क्लॅम्पचा स्क्रू तारेवर आवळला जातो. तारेने क्लॅम्प धरला की मगच मूठ पुढे करून काठी सोडवायची. आपल्याकडे लाइन बंद करून अर्थिंग करणाऱ्या लाइनमनच्या हातातली रॉड याच घराण्यातली. माणसाचा भार पेलायला ती केलेली नव्हती, पण आधी एकाने धरायचं आणि मग दुसऱ्याने सोडायचं हा क्रम तिथेच ठरला.

गिर्यारोहकांकडून दुसरा धागा आला. कॅराबिनर, म्हणजे स्प्रिंगच्या गेटने मिटणारी धातूची कडी, हा शब्द घोडेस्वाराच्या कार्बाइन बंदुकीवरून आलाय. बंदूक पट्ट्याला लटकवायचा तो हुक. म्युनिकमध्ये १९१० च्या सुमारास एका गिर्यारोहकाने अग्निशमन दलाच्या पट्ट्यावरचे हुक पाहिले आणि तसलेच कड्यावर नेले. काठीने कॅराबिनर लांबून लावायची युक्ती बरीच नंतर, आधीच बोल्ट ठोकलेल्या कड्यांवरच्या स्पोर्ट क्लाइंबिंगबरोबर रुजली. पहिला बोल्ट तीन-चार मीटरवर असतो, आणि तिथे दोर लागायच्या आत पडलं तर थेट जमीन. म्हणून काठीला कॅराबिनर बांधायचा, त्याचं गेट उघडं राहावं म्हणून मध्ये एक काडी खोचायची, बोल्टच्या डोळ्यात सरकवून काठी खाली ओढायची. काडी पडते, गेट मिटतं. ही लबाडी की शहाणपण, यावर त्या मंडळींत अजून दोन तट आहेत. सह्याद्रीतल्या सुळक्यांवर खालून बोल्ट ठोकत लीड केलेल्यांना, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चढलेल्यांना, तर ती पोरखेळच वाटते. आपल्याला त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे: गेट मिटलं, लॉक झालं नाही. स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये तेवढं चालतं. कारखान्यात नाही.

आता मुख्य मुद्दा. उंचीवरच्या कामाचे जे आकडे आज जगभर घोकले जातात, त्यातले बरेचसे अमेरिकेच्या बांधकाम नियमांत १९९४ साली एकत्र आले. अँकरने माणशी ५,००० पौंड म्हणजे साधारण २,२७० किलो पेलायला हवं. दोर ताणला जाण्याआधी माणूस सहा फुटांपेक्षा, म्हणजे १.८ मीटरपेक्षा जास्त पडता कामा नये. आणि १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्याला झेलण्यासाठी कमरेचा पट्टा बंद, खांदे-मांड्यांना धरणारा पूर्ण हार्नेस हवा. हुकही लॉकिंगचाच हवा. नियम चांगले होते. अँकर तिथे पोचणार कसा, हे मात्र त्यांनी साइटवर सोडलं.

ही सोडलेली जागा उघडी पडली ती लोखंडी सांगाड्याच्या कामाच्या २००१ सालच्या नियमात. इतर बांधकामात सहा फुटांच्या वर संरक्षण सक्तीचं होतं. सांगाडा उभारणाऱ्यांना ही मर्यादा १५ फुटांची केली. आणि क्रेनने येणारा बीम हाताने धरून खांबाला जोडणारा जो गडी, त्याला आणखी सूट: १५ ते ३० फुटांच्या दरम्यान त्याला हार्नेस द्यायचा, प्रशिक्षण द्यायचं, पण हुक मारायचा की नाही हे त्याचं तो ठरवणार. या गड्याचं अमेरिकी नाव 'कनेक्टर', आणि युरोपच्या मानकात हुक-कॅराबिनर या वर्गाचं नावही कनेक्टरच. त्यामुळे भाषांतरित सेफ्टी मॅन्युअलमध्ये 'कनेक्टरला सूट आहे' हे वाक्य वाचून हुकालाच सूट मिळाली असं समजलेला माणूस मी पाहिला आहे.

सुटीमागचा युक्तिवाद खोटा नव्हता. क्रेनच्या दोरावर झुलणारा बीम अंगावर येतो तेव्हा दोन पावलं बाजूला होता आलं पाहिजे. दोराने बांधलेला माणूस हलू शकत नाही. ज्यांनी हे काम केलं त्यांनीच हे सांगितलं होतं, आणि त्यांचं म्हणणं कार्यालयात बसून खोडणं सोपं नाही. पण त्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली गेली, की दोर बांधायचा तर पायाखालच्या बीमलाच बांधणार. तसा बांधला तर काय होतं ते मोजून बघा. हार्नेसची छाती-पाठीजवळची डी-रिंग, म्हणजे दोर अडकवायची कडी, पायापासून दीड मीटरवर. लॅनयार्ड, म्हणजे डी-रिंगपासून अँकरपर्यंतचा दोर, १.८ मीटरचा. पडल्यावर डी-रिंग आधी दीड मीटर खाली बीमपर्यंत येते, मग आणखी १.८ मीटर. म्हणजे ३.३ मीटर मोकळं पडणं, जिथे परवानगी १.८ ची. त्यापुढे झटका शोषणारा शॉक अॅब्सॉर्बर फाटत जाणार, साधारण मीटरभर. त्याखाली दीड मीटर पाय. बेरीज केली तर पाय बीमच्या ४.३ मीटर खाली. बीम १५ फुटांवर म्हणजे साडेचार मीटरवर असेल तर हुक मारलेला माणूसही जवळजवळ जमिनीवर आलाच. हुक मारून काय उपयोग, हा गड्याचा सवाल त्या मांडणीत बरोबरच होता. अँकर डोक्यावर असता तर तोच सवाल उभा राहिला नसता. रिट्रॅक्टेबल, म्हणजे दोर आपोआप आत ओढणारी आणि झटका बसला की अडकणारी गुंडाळी, वर टांगलेला असेल तर माणूस फूट-दोन फुटांत थांबतो. माझ्या मते चर्चा सुटीवर अडकली आणि डोक्यावरचा अँकर खालून कसा बसवायचा हा प्रश्न मागे पडला. जिथे वर काहीच उभं नाही तिथे तो लागू नाही हेही खरं. पण प्रत्येक साइट तशी नसते.

टॉवर आणि खांबांवरच्या वीज कामगारांना तर १९९४ च्याच, पण वेगळ्या नियमांनी चढताना मोकळं सोडलं होतं, म्हणजे कामाच्या जागी पोचल्यावर बांधून घ्या. ती मुभा २०१४ च्या सुधारणेने काढली आणि एप्रिल २०१५ पासून चढताना-उतरतानाही संरक्षण लागू झालं. इथून पुढे दांड्याच्या टोकावरचे मोठ्या तोंडाचे हुक, डोक्यावरच्या पायरीला अडकवून पुढे सरकायची साधनं, यांना खरी मागणी आली.

'लॉक' या शब्दाने जितका घोळ घातला तितका दुसऱ्या कशानेही नाही. जुना साधा स्नॅप-हुक स्प्रिंगने मिटायचा. पण डी-रिंग त्यावर पिळली गेली की तीच गेटला आतून ढकलून बाहेर पडायची. कोणी हात न लावता हुक सुटायचा. त्यावर तोडगा म्हणून १९९८ पासून लॉकिंग हुक. युरोपच्या मानकाने हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली: एकामागून एक, मुद्दाम केलेल्या किमान दोन हालचालींशिवाय गेट उघडू नये. इथपर्यंत ठीक. पण लॉक झालेलं गेट स्वतः किती भार पेलतं? हुकाचं अंग ५,००० पौंडांचं, आणि गेटची जुनी चाचणी समोरून २२० पौंडांची, बाजूने ३५० ची. म्हणजे १०० आणि १६० किलो. बीमच्या कडेवर हुक आडवा बसला आणि झटका गेटवर आला, तर 'लॉकिंग' लिहिलेलं गेटही तुटायचं. अमेरिकेच्या ऐच्छिक मानकाने २००७ मध्ये गेटची ताकद ३,६०० पौंड, म्हणजे १,६३० किलोच्या वर नेली. मधली नऊ वर्षं हुक नियमाने लॉकिंग होता आणि गेट एका धडधाकट माणसाच्या वजनाच्या हिशेबाने तपासलेलं. आणि ऐच्छिक मानक म्हणजे कायदा नव्हे. जुने हुक नंतरही वर्षानुवर्षं फिरत राहिले. सर्वसाधारण उद्योगांच्या नियमात ३,६०० चा आकडा आला तो २०१६ मध्ये.

लांबून लावायच्या माउंटमध्ये हा घोळ दुप्पट होतो, कारण तिथे लॉक दोन आहेत. एक माउंट आणि बीम यांच्यातलं, दुसरं माउंट आणि दांडा यांच्यातलं. दोन्ही एकाच वेळी उघडी राहिली तर दोन-चार किलोचं लोखंड खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यात. दोन्ही एकाच वेळी मिटून बसली तर दांडा वरच लटकतो आणि तो काढायला कोणीतरी शिडीने जातं, म्हणजे सगळा खटाटोप फुकट. म्हणून बऱ्या रचनांमध्ये एकाचं मिटणं हीच दुसऱ्याच्या सुटण्याची अट असते: जबडा बीमवर पूर्ण बसून खटका पडल्याशिवाय दांड्याची पकड सैलच होत नाही. लाइनमनच्या मुठीतला क्रम, पण आता माणसाच्या शिस्तीवर न ठेवता लोखंडात घातलेला.

आणि मग 'दोन मुद्दाम हालचाली' आठवतात. दांड्याने काढताही यायला हवं, तर त्या दोन हालचाली सहा मीटर खालून कशा करायच्या? ढकलणं आणि फिरवणं, हे उत्तर बहुतेकांनी काढलं. पण हललेल्या दोराने, वाऱ्याने, शेजारच्या पाइपला घासून या दोन्ही आपोआप होणार नाहीत याची खात्री कोण देणार, यावर तपासणीस आणि विक्रेता यांची हमरीतुमरी मी ऐकलेली आहे. मला तपासणिसाचं पटतं. हातात धरलेला हुक लॉक झाला की नाही हे बोटाला कळतं. सहा मीटरवरचा कळत नाही. काही माउंटवर म्हणूनच हिरवी-लाल खूण असते. ती खालून, पत्र्याच्या शेडमधल्या दुपारच्या उजेडात दिसते का, हे ज्याने त्याने जाऊन बघावं.

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी एका शेडच्या पत्र्यांचं काम चालू असताना मी ते पाहिलं. दांडा पूर्ण लांबवला की टोक वीतभर हलतं. पोरगा विशीतला, दोन्ही हात वर, मान मागे टाकलेली, दोन-तीनदा जबडा बीमच्या कडेवरून घसरला. चौथ्यांदा बसला, वरून 'टक्' आलं. त्याने दांडा काढला नाही. आधी दोर धरून त्यावर आपलं वजन टाकलं, दोन झोके घेतले आणि मग हसला. प्रशिक्षणात झोके घ्यायला सांगितलेलं नव्हतं.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत कायद्याचा पाया जुनाच होता. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३२ मध्ये पडण्याची शक्यता असेल तिथे कुंपण घालून 'किंवा अन्य प्रकारे' सोय करायला सांगितलं होतं, आणि तीही शक्य असेल तितपत. या 'अन्य प्रकारे'त काहीही मावायचं. बांधकाम मजुरांसाठीचा कायदा १९९६ चा होता, त्याचे केंद्रीय नियम १९९८ चे. भारतीय मानक ३५२१ च्या १९९९ च्या आवृत्तीचं नावच 'सेफ्टी बेल्ट आणि हार्नेस' असं होतं, आणि साइटवर नावातला पहिला अर्धाच टिकला. आजही पूर्ण हार्नेसला बेल्टच म्हणतात. त्यात वावगं काही नाही. पण खरेदीच्या कागदावर 'बेल्ट, नग वीस' असं लिहिलं की हार्नेस येतात, लॅनयार्ड येतात, अँकर येत नाही. दांडा आणि माउंट तर नाहीच. तो मागवला तर 'काठीला एवढे पैसे?' असं स्टोअरमधून विचारलं जातं.

पहिल्या माणसाबद्दल नियमांनी निदान वाद तरी घातला. शेवटच्याबद्दल तोही नाही. काम संपलं की माउंट उतरवायचं असतं, आणि लावताना ज्या लॉकचं कौतुक केलं तेच आता आडवं येतं. धूळ बसलेली, स्प्रिंग जड झालेली, दांडा ढकलून फिरवला तरी जबडा उघडत नाही. त्या शेडमध्ये चारपैकी तीन उतरले. चौथा संध्याकाळपर्यंत निघाला नाही. सुपरवायझर म्हणाला, राहू दे, पुढच्या वर्षी कामाला येईल. तो अजून तिथेच आहे, खाली लोंबणारा टॅगलाइनचा, म्हणजे खालून धरायच्या दोरीचा, तुकडा कोणीतरी कापून नेलाय.