घरी सोडलेला रुग्ण आणि उद्याचा डॉक्टर

सरासरी 67 वर्षांच्या काही निरोगी माणसांना संशोधकांनी सलग दहा दिवस अंथरुणात ठेवलं. ना ताप, ना ऑपरेशन, आणि जेवण ठरल्याप्रमाणे वेळेवर. तरीही दहा दिवसांनी त्यांच्या दोन्ही पायांमधला मिळून जवळपास एक किलो वजन कमी झालं होतं आणि ते मुख्यतः स्नायूंचं होतं. अमेरिकेतला हा छोटा प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला.

आता गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी डोळ्यांसमोर आणा. न्यूमोनिया झाला म्हणून तिला बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल केलं आहे. अंगात ताप, तोंडाला चव नाही, हाताला सलाईन, आणि पडू नये म्हणून खाटेचे कठडे वर केलेले. आठवड्याने छातीचा एक्स-रे सुधारतो, डिस्चार्ज कार्डावर प्रकृती सुधारल्याची नोंद होते आणि गाडी दारात येऊन थांबते. पण घराच्या ज्या चार पायऱ्या आजी रोज चढत होती, त्या आता तिला चढवत नाहीत. फुफ्फुस बरं झालं, पाय मात्र गेले.

हे अपवादाने घडत नाही. सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांवरच्या अभ्यासांत सुमारे एक तृतीयांश जण आजारापूर्वी स्वतः करत असलेलं अंघोळ, कपडे घालणं, उठून संडासला जाणं यांपैकी निदान एक काम गमावून घरी परततात. हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी 2013 मध्ये या काळाला ‘रुग्णालयोत्तर सिंड्रोम’ म्हटलं. तुटक झोप, उपाशी पोटी करायच्या तपासण्या, हालचाल बंद, नवी औषधं, अनोळखी जागा, या सगळ्यांचा एकत्रित ताण घरी गेल्यावरही काही आठवडे शरीरात राहतो. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेच्या आकडेवारीत घरी सोडलेल्यांपैकी साधारण पाचांतला एक तीस दिवसांच्या आत पुन्हा दाखल होत असे, आणि बहुतेकदा तो पहिल्या आजारासाठी नव्हे, तर दुसऱ्याच कारणाने यायचा.

म्हणजे वृद्ध माणसाच्या आजारपणातला मोठा धोक्याचा काळ वॉर्डाबाहेर असतो. आपला वैद्यकीय विद्यार्थी मात्र बहुतेक सगळं वॉर्डातच शिकतो. गोव्यात वैद्यकीय शिक्षण 1842 पासून चालू आहे. आशियातल्या सर्वांत जुन्या परंपरांपैकी ही एक, आणि तिचा अभिमान वाटावा असाच आहे. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या साठीपुढच्यांचं प्रमाण 11.2 टक्के होतं, तर देशात ते 8.6 टक्के होतं. मुलं मुंबई-पुण्यात, आखातात किंवा पोर्तुगालमध्ये आणि घरात दोन म्हातारी माणसं, हे दृश्य इथे वाड्यावाड्यावर दिसतं. अशा राज्यातल्या विद्यार्थ्याने घरी सोडलेला रुग्ण महिन्याभराने कसा आहे हे डोळ्यांनी पाहायलाच हवं, असं मला ठामपणे वाटतं.

रुग्णाच्या घरी गेल्यावर विद्यार्थ्याला काय दिसेल? आधी औषधांचा डबा. रुग्णालयातून मिळालेली रक्तदाबाची गोळी आणि गावच्या डॉक्टरांनी पूर्वी दिलेली, वेगळ्या नावाची पण तीच गोळी. आजी दोन्ही घेते आणि उभी राहिली की तिला भोवळ येते. निजलेल्या अवस्थेत रक्तदाब मोजायचा, मग उभं करून तीन मिनिटांत पुन्हा मोजायचा. वरचा आकडा 20 किंवा अधिक उतरला तर कारण शोधायचं. ही तपासणी पुस्तकात असते, पण ती का करायची हे त्या डब्यासमोर बसल्यावर पक्कं कळतं.

मग स्वयंपाकघर. हृदय कमकुवत झालेल्या आजोबांना ‘मीठ कमी करा’ सांगितलेलं असतं. जेवणात ते वरून मीठ घेतही नाहीत. पण सकाळच्या पेजेबरोबर चेपणीचं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी असते आणि पावसाळ्यात खारवलेला बांगडा. हे मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, पायांवर सूज येते, रात्री आडवं झालं की धाप लागते आणि आजोबा पुन्हा बांबोळीच्या वाटेला लागतात. नाश्त्याला काय खाता, हे वॉर्डात कुणी विचारलेलं नसतं. पेज स्वतः वाईट नाही, आजारी पोटाला ती मानवते. मात्र गेलेला स्नायू परत यायला प्रथिनं लागतात. वृद्धांना दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे, आजारातून उठताना त्याहून थोडी जास्तच. पन्नास किलोच्या आजीला मूत्रपिंडाचा आजार नसेल तर निदान साठेक ग्रॅम. नुसत्या पेजेवर इतकी प्रथिनं मिळत नाहीत. मुगाचं कढण, अंडं, ताजी मासळी, दही यांतून ती कशी भरून काढायची, हे सांगता येणं म्हणजे उपचारच.

न्हाणीघर आणि पायऱ्याही त्याने नीट बघाव्यात. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरतं, संडास कधी परसात असतो. सोप्यावर खुर्ची ठेवायची, तीन मीटरवर खूण करायची आणि आजीला म्हणायचं, उठा, तिथवर जाऊन वळा, परत येऊन बसा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. याला ना यंत्र लागतं ना पैसा. सिडनी कॅट्झ यांनी 1963 मध्ये मांडलेली अंघोळ, कपडे, संडास, उठबस, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण या सहा कामांची यादीही अशीच साधी आहे. आजारापूर्वी किती कामं जमत होती आणि आता किती जमतात, एवढं लिहिलं तरी कुठल्या मदतीची गरज आहे ते कळतं.

आजारपणातला मनाचा गोंधळ ही आणखी एक गोष्ट. आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांच्या लक्षात येतो. गप्प, झोपाळू झालेला येत नाही, आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात.

अशा पाठपुराव्याने फरक पडतो याला पुरावा आहे. मेरी नेलर यांच्या 1999 च्या अमेरिकी चाचणीत प्रशिक्षित परिचारिकांनी घरी सोडलेल्या वृद्धांच्या भेटी घेतल्या. चोवीस आठवड्यांत पुन्हा दाखल होणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीने घरी सोडलेल्यांत 37 टक्के होतं, तर या भेटी मिळालेल्यांत 20 टक्के. हे आकडे तिथल्या व्यवस्थेचे आहेत, जसेच्या तसे इथे लागू होतील असं नाही.

आपल्याकडे वाट आधीच खुली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा मागोवा ठेवायचा असतो. त्या कुटुंबांत एक तरी वृद्ध नुकताच रुग्णालयातून आलेला असावा, एवढी अट घातली तरी पुष्कळ शिकवता येईल. प्रोवेदोरिया या गोव्यातल्या सरकारी मदत संस्थेच्या वृद्धाश्रमांतही विद्यार्थ्यांना ठरलेल्या दिवशी नेता येईल. मात्र तिथे एकदाच जाऊन फळं वाटून यायचं नाही. त्याच आजोबांना सहा महिने भेटत राहायचं, म्हणजे बदल दिसतात.

शिवाय घरातल्या सांभाळणाऱ्या माणसाकडे लक्ष हवं. गोव्यातच ‘संगाथ’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या 81 कुटुंबांबरोबर चाचणी केली. ती 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. स्थानिक सल्लागार घरी जाऊन माहिती, धीर आणि वागणुकीतल्या अडचणींवर उपाय सांगत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, त्यांचा त्रास कमी झाला. म्हणून विद्यार्थ्याच्या वहीत रक्तदाबाच्या रकान्याशेजारी सुनेची किंवा मुलीची रात्रीची झोप किती झाली, हेही लिहिलेलं असावं आणि परीक्षेत त्यावर प्रश्न यावा.