काटा थरथरतोय: ग्लिसरीनचं गेज लावायचं की स्नबर?

पंपाच्या डिलिव्हरीवरचं प्रेशर गेज काही महिन्यांत मरतं. स्टोअरमधून नवं काढतात, तेही मरतं. मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, "ग्लिसरीनचं लावून टाका." दुसऱ्या प्लँटमध्ये हाच विषय निघाला की उत्तर येतं, "खाली एक स्नबर बसवा." दोन्हींनी थरथरणारा काटा शांत होतो असं लोकांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे दोन्हींचं काम एकच, जे स्टोअरमध्ये असेल ते लावा, असा समज होऊन बसलाय.

काम एक नाही. ग्लिसरीन, म्हणजे गेजच्या केसमध्ये भरलेला घट्ट द्रव, आहे ते मुख्यतः गेजच्या अंगाला बाहेरून बसणाऱ्या हादऱ्यांसाठी. स्नबर, म्हणजे गेजखाली बसणारा, दाबाची वाट अरुंद करणारा छोटा जोड, आहे तो लाइनमधून गेजच्या आत येणाऱ्या दाबाच्या ठोक्यांसाठी. हादऱ्यांच्या जागी स्नबर लावला तर काटा थरथरतच राहतो, म्हणजे निदान चूक लगेच कळते. ठोक्यांच्या जागी नुसतं ग्लिसरीन लावलं तर मात्र काटा शांत दिसतो आणि आतली नळी थकत राहते. ही दुसरी चूक मला जास्त वाईट वाटते, कारण ती दिसत नाही.

हे नीट समजायला गेज एकदा उघडून पाहायला हवं. आत इंग्रजी 'सी'सारखी वाकवलेली, चपट्या छेदाची धातूची नळी असते. ती बॉर्डन ट्यूब. युजीन बूर्दों या फ्रेंच अभियंत्याने १८४९ साली तिचं पेटंट घेतलं, आणि कारखान्यातली बहुतेक गेज आजही तिच्यावरच चालतात. नळीचं एक टोक बंद असतं. आत दाब आला की चपटा छेद गोल व्हायला बघतो, त्यामुळे वाकवलेली नळी थोडी उलगडते आणि तिचं बंद टोक काही मिलिमीटर सरकतं. हे सरकणं एका बारीक दांडीमार्फत दातेरी सेक्टरकडे जातं, सेक्टर छोटं पिनियन (दातेरी चाक) फिरवतो आणि पिनियनवर काटा बसवलेला असतो. दात्यांमधला ढिलेपणा काढायला केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग असते. काही मिलिमीटरच्या हालचालीतून काटा पाऊण फेरी मारतो. इतक्या नाजूक जोडणीत झिजायच्या जागा दोन: एक म्हणजे दाते आणि त्यांच्या खुंट्या, दुसरी ती नळी.

हादऱ्यांनी पहिली जागा जाते. पंपाचं फाउंडेशन ढिलं आहे, मोटर आणि पंपाचं अलाइनमेंट बिघडलंय, शेजारी व्हायब्रेटिंग स्क्रीन किंवा पॉवर प्रेस चालते. लाइनमधला दाब अगदी स्थिर असला तरी गेजचं अख्खं शरीर हलत असतं. असं मेलेलं गेज खोलून बघा. मागच्या प्लेटवर पितळेची बारीक पूड पडलेली सापडते. सेक्टरचे सगळे दाते झिजलेले नसतात. जिथे काटा रोज उभा असायचा, त्या दाबापाशी असलेले दोन-तीन दातेच खाल्लेले असतात. म्हणून असं गेज शून्यावर बरोबर येतं, फुल स्केललाही (डायलवरच्या शेवटच्या आकड्यालाही) बऱ्यापैकी जुळतं, आणि नेमकं रोजच्या दाबाजवळ अडकतं किंवा उडी मारतं. फक्त शून्य बघून "गेज ओके" म्हणणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही.

ठोक्यांनी दुसरी जागा जाते. प्लंजर (दट्ट्याचा) पंप, डोसिंग पंप, रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर यांचा दाब सलग नसतो, प्रत्येक स्ट्रोकला वर-खाली होतो. उदाहरण कारखान्याबाहेरचं घेतो, कारण नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांना ते रोजचं आहे: फवारणीचा एचटीपी पंप. त्यात तीन प्लंजर असतात. पंप मिनिटाला ९०० फेरे फिरत असेल तर मिनिटाला २,७०० ठोके होतात. आठ तास फवारणी केली तर जवळजवळ १३ लाख. प्रत्येक ठोक्याला बॉर्डन ट्यूब थोडी उलगडते आणि परत मिटते. एखाद्या धातूच्या पट्टीला असं वाकवत राहिलं की ती कुठेतरी तडकते, तशीच नळीही तडकते, आणि लाइनमधला द्रव गेजच्या केसमध्ये येतो. काच द्रवाने भरलेली, ग्लिसरीन असेल तर ते गढूळ किंवा दुधाळ झालेलं, ही त्याची खूण. इथे दाते कदाचित अजून ठीक असतील.

म्हणजे मेलेलं गेजच सांगतं की ते कशाने मेलं. ते कचऱ्यात टाकण्याआधी खोलायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं दिली तर पुढची बरीच गेज वाचतात.

जिवंत गेजवर ओळखायचं असेल तर त्याहून सोपी चाचणी आहे. मशीन चालू ठेवा आणि गेजखालचा कॉक किंवा निडल व्हॉल्व्ह बंद करा. ड्रेन उघडू नका. आता गेजमध्ये होता तो दाब अडकला आणि लाइनचा संबंध तुटला. काटा लगेच शांत उभा राहिला तर थरथर लाइनमधून येत होती, म्हणजे ठोके. काटा तसाच थरथरत राहिला तर गेजचं अंग हलतंय, म्हणजे हादरे. थरथर निम्मी झाली तर दोन्ही आहेत. गेजखाली व्हॉल्व्हच नसेल (आणि तो नसणं ही वेगळी तक्रार आहे, कारण मग कॅलिब्रेशनसाठी गेज काढायला अख्खी लाइन थांबवावी लागते) तर बायपास उघडून दाब निम्म्यावर आणा, पंपाचा वेग तोच ठेवा. ठोके दाबाबरोबर कमी होतात, हादरे जवळपास तितकेच राहतात. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला तरी पुष्कळ कळतं: फक्त काटा हलतोय, की डायल, काच, सगळंच हलतंय?

आता एकेका वस्तूकडे येऊ.

ग्लिसरीन केसमध्ये असतं, लाइनमध्ये नाही. नळीच्या बाहेरच्या बाजूने सगळी यंत्रणा त्यात बुडालेली असते. घट्ट द्रवातून हलताना काट्याचा आणि सेक्टरचा वेग मोडतो, दात्यांना वंगण मिळतं आणि केस सीलबंद असल्याने आत दव धरत नाही; पावसाळ्यात उघड्यावरच्या गेजची काच आतून धुरकट होते, तो त्रासही जातो. हादऱ्यांवर याच्याइतकं स्वस्त उत्तर नाही. पण नळीच्या आतला दाब ग्लिसरीनला दिसतही नाही. नळीची हालचाल ते थोडी मंदावतं, ठोका मात्र नळीच्या भिंतीवर जसाच्या तसा बसतो.

त्याच्या मर्यादाही माहीत असाव्यात. ग्लिसरीन तापलं की झपाट्याने पातळ होतं. २० अंश सेल्सिअसला जितकं घट्ट असतं, त्याच्या पंधरापटीहून जास्त पातळ ते ६० अंशांना असतं. मे महिन्यात चंद्रपूरसारख्या ठिकाणी बॉयलरच्या शेजारी लावलेल्या गेजमध्ये त्याचा दम निघून गेलेला असतो. तिथे सिलिकॉन ऑइल भरलेलं गेज घ्यावं, त्याच्या घट्टपणात तापमानाने इतका फरक पडत नाही. दुसरं, सीलबंद केस तापली की आतला दाब वाढतो आणि कमी रेंजच्या गेजचं रीडिंग त्याने चुकतं. म्हणून बऱ्याच गेजच्या डोक्यावर छोटा व्हेंट (हवेसाठीचं भोक) असतो आणि गेज बसवल्यावर तो उघडायचा असतो. मी बघतो त्यातल्या कितीतरी गेजवर तो वर्षानुवर्षं बंदच असतो.

आणि एक गोष्ट कधीच विसरायची नाही: ऑक्सिजन, क्लोरीन किंवा इतर तीव्र ऑक्सिडायझर असलेल्या लाइनवर ग्लिसरीनचं गेज लावायचं नाही. नळी फुटून दोघांची गाठ पडली तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. तिथे त्या वापरासाठीच बनवलेलं, निष्क्रिय द्रव भरलेलं किंवा कोरडं गेज लागतं. हॉस्पिटलच्या गॅस प्लँटमध्ये आणि पाणीशुद्धीकरण केंद्रात काम करणाऱ्यांनी तर हे स्टोअरच्या भिंतीवर लिहून ठेवावं.

स्नबर गेजच्या खाली, दाबाच्या वाटेवर बसतो. वाट इतकी अरुंद करायची की ठोका पूर्ण आत पोचायच्या आधीच ओसरावा. गेजला सरासरी दाब तेवढा कळतो. एका प्रकारात सिंटर केलेल्या (भुकटी तापवून घट्ट केलेल्या) धातूची सच्छिद्र चकती असते. दुसऱ्यात पिस्टन किंवा पिन छिद्रात वर-खाली हलते आणि हलताना छिद्र साफही करते. तिसऱ्यात निडल व्हॉल्व्हसारखा स्क्रू असतो आणि वाट किती अरुंद करायची ते आपण ठरवतो. चकतीचा स्नबर घेताना आत काय वाहतंय ते सांगावंच लागतं: गॅसला बारीक छिद्रांची चकती, पाण्याला त्याहून मोठ्या छिद्रांची, तेलाला आणखी मोठ्या. तेलाच्या लाइनवर गॅसचा स्नबर लावला तर काटा हलायलाच तयार होत नाही.

स्नबरचं दुखणं एकच, पण गंभीर: तो चोंदतो. चोंदलेल्या स्नबरमागचं गेज जुनाच दाब दाखवत उभं राहतं. लाइन रिकामी असताना गेज आठ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाखवत असेल तर फक्त वेळ जातो. लाइनमध्ये दाब असताना गेज शून्य दाखवत असेल आणि फिटरने त्यावर विश्वास ठेवून फ्लँज (पाइपचा बोल्टचा जोड) उघडला तर माणूस भाजतो. म्हणून स्नबर असलेल्या प्रत्येक गेजवर शटडाउनला ड्रेन उघडून काटा शून्यावर येतो का ते बघायचं, आणि लाइनमध्ये पुन्हा दाब भरताना तो वर चढतो का तेही. ॲडजस्टेबल स्नबर असेल तर काटा दगडासारखा स्थिर होईपर्यंत स्क्रू आवळायचा मोह आवरा. काटा किंचित हलता ठेवा. ते हलणं म्हणजे वाट उघडी असल्याचा पुरावा.

घट्ट, गाळ असलेल्या किंवा साकळणाऱ्या द्रवांवर साधा स्नबर टिकतच नाही. डेअरीतला होमोजिनायझर घ्या. तो मुळात प्लंजर पंपच, दुधाला शंभर-दोनशे बारच्या (बार हे दाबाचं एकक) घरात दाबणारा, त्यामुळे ठोके भयंकर. पण दुधाच्या वाटेत बारीक छिद्र ठेवलं तर ते साकळेल आणि स्वच्छतेच्या दृष्टीनेही तिथे दूध अडकून चालत नाही. अशा ठिकाणी डायफ्रॅम सील लावतात: दूध पडद्याच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला स्वच्छ भरण-द्रव, आणि छिद्र त्या स्वच्छ द्रवाच्या वाटेत. पेपर मिलचा लगदा, चुन्याचं दाट पाणी, रंगाची स्लरी या सगळ्यांना हाच मार्ग.

ग्लिसरीनच्या गेजने ठोके थांबले असं शपथेवर सांगणारे फिटर भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. कारण पुष्कळ ग्लिसरीन गेजच्या सॉकेटमध्ये कंपनीनेच एक छोटा रिस्ट्रिक्टर स्क्रू बसवलेला असतो. गेज उलटं करून आट्यांच्या भोकात बघा. सुईच्या टोकाएवढं छिद्र असलेला स्क्रू दिसेल. ठोके अडवण्याचं काम तो करतो आणि नाव ग्लिसरीनचं होतं. मग कधीतरी ते छिद्र चोंदतं, कोणीतरी तो स्क्रू "नको ती अडचण" म्हणून काढून टाकतो, आणि त्यानंतर गेज लवकर का मरायला लागलं हे कोणालाच कळत नाही.

हायड्रॉलिक पॉवर पॅकवर (मशीनला दाबाखालचं तेल पुरवणाऱ्या पंप-संचावर) दोन्ही त्रास एकत्र असतात, म्हणून तिथे ग्लिसरीन आणि रिस्ट्रिक्टर दोन्ही हवेत. त्याहून चांगलं म्हणजे दाबल्यावरच गेजला दाब देणारा पुश बटण आयसोलेटर. दिवसातून चार वेळा बघायच्या गेजने चोवीस तास मार का खावा? हादरे फारच असतील तर गेज मशीनवरून उतरवून भिंतीवर किंवा पॅनलवर न्या आणि लवचीक होजने जोडा. त्यापुढे ग्लिसरीनही फिकं आहे. वाफेच्या लाइनवरचा सायफन (गेजखालची वळवलेली नळी) हा वेगळाच विषय, तो उष्णतेसाठी आहे, हादऱ्यांसाठी नाही आणि ठोक्यांसाठीही नाही.

यातलं काहीही लावलं तरी रेंज चुकली असेल तर उपयोग नाही. ईएन ८३७ हे युरोपीय मानक सांगतं की दाब स्थिर असेल तर तो फुल स्केलच्या ७५ टक्क्यांवर जाऊ नये, आणि वर-खाली होणारा असेल तर ६५ टक्क्यांवर. म्हणजे १० बारपर्यंत ठोके खाणाऱ्या लाइनवर ०-१० चं तर नाहीच, ०-१६ चं गेज हवं. आणि हा हिशोब ठोक्याच्या वरच्या टोकाचा करायचा, स्नबरमागे दिसणाऱ्या सरासरीचा नाही.

एक करा: गेज मारणारा पंप आधी तपासा. एचटीपी पंपावर जो घुमटासारखा एअर चेंबर असतो, तो ठोके गिळण्यासाठीच असतो. त्यातली हवा गेली की गेजच्या आधी पाइपचे सांधे आणि नळीची कपलिंग त्रास द्यायला लागतात. कारखान्यातल्या पंपांवरच्या, ठोके गिळणाऱ्या पल्सेशन डॅम्पनरचंही तसंच; त्याच्या ब्लॅडरमधलं (रबरी पिशवीतलं) नायट्रोजन प्रेशर शेवटचं कधी तपासलं ते लॉगबुकात शोधा.

आणि पुढच्या वेळी इंडेंट (मागणीपत्र) भरताना "ग्लिसरीन गेज, १०० मिमी डायल, २ नग" एवढंच लिहू नका. आत काय वाहतं, त्याचं तापमान किती, दाब कुठून कुठपर्यंत नाचतो, कॉक बंद केल्यावर काटा थांबला की नाही, रिस्ट्रिक्टर स्क्रू हवा की नको, एवढं लिहा. पुरवठादाराला योग्य गेज देता येतं ते एवढ्या माहितीवर.