‘आणखी कुणाला असं झालंय का?’

व्हॉट्सॲपच्या कुठल्याही कौटुंबिक ग्रुपवर हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. रिपोर्टचा जरा हललेला फोटो, खाली दोन ओळी, आणि शेवटी ‘आणखी कुणाला असं झालंय का?’ मग काढ्यांच्या कृती, डॉक्टरांचे नंबर, जोडलेले हात. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच मिटते. गेल्या वीसेक वर्षांत मात्र काही वेळा ती तिथे मिटली नाही, तिचा शोधनिबंध झाला. आज मोठमोठ्या संस्था ‘समाजमाध्यमांतून संशोधनात लोकसहभाग’ असं म्हणतात तेव्हा वाटतं, आमंत्रण त्यांनीच दिलं असणार. मागे वळून पाहिलं तर क्रम बऱ्याचदा उलटा दिसतो. लोक आधी जमले, संशोधक मागाहून आले.

ही धडपड इंटरनेटच्या आधीची आहे. १९८३ साली अमेरिकेत डेन्व्हरला एड्सच्या रुग्णांनी जाहीरनामा काढला, त्यात ‘आम्हाला बळी म्हणू नका’ असं ठणकावलं आणि निर्णयांत वाटा मागितला. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एड्सच्या रुग्णांसाठी लढणारी ‘ॲक्ट अप’ ही संघटना उभी राहिली. तिचे कार्यकर्ते आधी रस्त्यावर उतरले, मग औषधचाचण्यांचे आराखडे वाचायला शिकले आणि शास्त्रज्ञांसमोर बसून ‘ही चाचणी अशी का?’ म्हणून वाद घालू लागले.

आपल्याकडचा याच्याशी नातं सांगणारा अनुभव गडचिरोलीचा. तिथे इंटरनेट नव्हतं, पण प्रश्न तोच होता: संशोधनाचा विषय ठरवायचा कुणी? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ च्या सुमारास तिथे गेले आणि सुरुवातीलाच त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम केलं. शास्त्राच्या दृष्टीने शोध महत्त्वाचा होता. गावकऱ्यांना मात्र तो आपला प्रश्न वाटलाच नाही. आपण आपल्या कुतूहलाचा विषय निवडला, लोकांच्या गरजेचा नाही, हे डॉ. बंग यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितलं आहे. प्रश्न कुणाचा, याची इतकी स्वच्छ कबुली संशोधकांकडून क्वचित मिळते.

इंटरनेटवर या प्रश्नाला पहिलं मोठं वळण २००४ मध्ये मिळालं. एएलएस हा स्नायूंवरचा ताबा हळूहळू काढून घेणारा आजार. स्टीफन हेवूड या तरुणाला तो झाला, आणि त्याच्या भावांनी एका मित्राच्या साथीने ‘पेशंट्सलाइकमी’ हे संकेतस्थळ सुरू केलं. रुग्ण तिथे आपली लक्षणं, औषधं, डोस सगळं नोंदवत आणि एकमेकांचं बघत. २००८ च्या सुरुवातीला इटलीतल्या एका छोट्या अभ्यासाने दावा केला की लिथियममुळे हा आजार मंदावतो. रुग्णांना थांबायला वेळ कुठे होता? अनेकांनी आपापल्या डॉक्टरांना गळ घालून लिथियम सुरू केलं आणि नोंदी ठेवल्या. १४९ जणांच्या त्या नोंदी, तशाच प्रकृतीच्या पण लिथियम न घेणाऱ्या रुग्णांशी ताडून, २०११ मध्ये प्रसिद्ध झाल्या. लिथियमचा काही उपयोग नाही, असा निष्कर्ष निघाला. रीतसर चाचण्यांनीही पुढे तेच सांगितलं. ज्यांनी आशेने गोळ्या घेतल्या त्यांनीच ती आशा खोटी ठरवली, आणि तेही प्रामाणिक आकड्यांनी. (हे संकेतस्थळ २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या आरोग्यविमा समूहाने विकत घेतलं. रुग्णांच्या नोंदींना बाजारभाव असतो, हे त्यातून कळलंच.)

मला सगळ्यात जास्त भावते ती मात्र ‘स्कॅड’ची गोष्ट. या आजारात हृदयाच्या रोहिणीचा आतला पापुद्रा अचानक सुटतो, रक्ताची वाट अडते आणि झटका येतो. ना कोलेस्टेरॉल, ना मधुमेह, ना सिगारेट. रुग्ण बहुतांशी बायका, काही तर नुकत्याच बाळंत झालेल्या. व्हर्जिनियातल्या कॅथरीन लिऑन यांना २००३ मध्ये दुसऱ्या बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच हा झटका आला. वय अडतीस. डॉक्टर म्हणाले, फार दुर्मीळ आहे, यावर अभ्यासच नाही. अभ्यास नाही कारण रुग्ण सापडत नाहीत, आणि रुग्ण सापडत नाहीत कारण कुणी शोधत नाही.

हृदयविकार झालेल्या बायकांच्या एका ऑनलाइन गटावर लिऑन यांना तशाच दुसऱ्या बाई भेटल्या, मग तिसऱ्या. बघता बघता डझनावारी नावं जमली. २००९ मध्ये त्या अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या नामांकित रुग्णालयात एका शिबिराला गेल्या आणि तिथल्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शॅरन हेज यांना त्यांनी गाठलं: रुग्ण आमच्याकडे आहेत, अभ्यास तुम्ही करा. परवानग्या मिळाल्यावर त्या गटावर आवाहन टाकलं. प्राथमिक अभ्यासाला बारा जणी हव्या होत्या, आठवडाभरात अठरा तयार झाल्या. कुणालाच मेयोपर्यंत प्रवास करायला लावला नाही. वेगवेगळ्या रुग्णालयांतली कागदपत्रं आणि ॲन्जिओग्राफीची चित्रं तिकडे मागवली गेली. २०११ मध्ये निबंध छापून आला, आणि पहिल्या लेखिकेचं आडनाव चक्क ट्वीट, डॉ. मॅरिसिया ट्वीट! पुढे मेयोच्या नोंदवहीत हजारावर रुग्ण जमा झाले. स्कॅड वाटला होता तितका दुर्मीळ नाही, तो ओळखलाच जात नव्हता, हेही त्यानंतर स्पष्ट होत गेलं.

याच काळात उलट्या दिशेचा प्रकारही घडला. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या पानावर आनंदी किंवा दुःखी मजकूर मुद्दाम कमी करून पाहिला. दुसऱ्यांच्या भावना आपल्याला ‘लागतात’ का, हे त्यांना तपासायचं होतं. २०१४ मध्ये निबंध आला तेव्हा गदारोळ झाला, कारण त्यातल्या कुणालाच आपण प्रयोगात आहोत याचा पत्ता नव्हता. माध्यम तेच, माणसंही तशीच. पण याला सहभाग म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि मग २०२०. कोविड दोन आठवड्यांत बरा होतो, असं तेव्हा सगळीकडे सांगितलं जात होतं. ज्यांचा होत नव्हता त्यांना ‘मनाचे खेळ आहेत’ हे ऐकून घ्यावं लागे. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमधल्या ‘बॉडी पॉलिटिक’ या गटाने अशा रुग्णांसाठी स्लॅक या गटसंवादाच्या ॲपवर आधारगट उघडला. त्यातल्या काही जणींना संशोधनाची, आकडेवारीची सवय होती. त्यांनी प्रश्नावली तयार केली आणि मे महिन्यातच ६४० जणांच्या उत्तरांचा अहवाल काढला. त्यातला एक निर्णय मोलाचा होता: चाचणी पॉझिटिव्ह नसली तरी उत्तर मोजायचं. जवळपास निम्म्यांची चाचणीच झालेली नव्हती, आणि रुग्णालयातल्या नोंदींवर बेतलेल्या अभ्यासात ही माणसं मोजलीच गेली नसती. त्याच महिन्यात इटलीच्या एलिसा पेरेगो यांनी ट्विटरवर ‘लाँग कोविड’ हा हॅशटॅग वापरला. व्यवसायाने त्या पुरातत्त्वज्ञ, डॉक्टर नव्हेत. एका आजाराला रुग्णांनी नाव द्यावं आणि ते वैद्यकशास्त्राने उचलावं, असं सहसा होत नाही. ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रुग्णांशी चर्चा केली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये आजाराची व्याख्या जाहीर केली.

स्लॅकवरच्या त्याच गटाची दुसरी पाहणी मोठी होती: ५६ देशांतले ३,७६२ जण, २०३ लक्षणं, जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध. पण उत्तरं देणाऱ्यांत सुमारे ७९ टक्के महिला, बहुसंख्य गोऱ्या, आणि बहुतेकांनी प्रश्नावली इंग्रजीतच भरलेली. ही मर्यादा संशोधकांनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि ती छोटी नाही. ज्याच्याकडे फोन आहे, इंग्रजी आहे आणि आजारपणातही तासभर फॉर्म भरायची सवड आहे, तोच ‘जनता’ म्हणून मोजला जातो. हललेला फोटो टाकणाऱ्या आपल्या काकू त्यात नसतात. व्हॉट्सॲपचा बंद ग्रुप तर बाहेरच्या संशोधकाला दिसतही नाही.

या गटातून उभ्या राहिलेल्या रुग्णांच्या संशोधन संस्थेने पुढे ४८ लाख डॉलरचा निधी वाटला. कुठल्या शास्त्रज्ञाला किती पैसे द्यायचे, हे लाँग कोविडच्या रुग्णांच्या मंडळाने ठरवलं. पैसे आले इथेरियम या क्रिप्टोचलनाच्या (आभासी चलनाच्या) जाळ्याचे सहसंस्थापक व्हिटालिक बुटेरिन यांच्या ‘बाल्वी’ या निधीतून. आणि बाल्वीची मोठी रक्कम कुठली, तर २०२१ च्या दुसऱ्या लाटेत बुटेरिन यांनी भारतातल्या ‘क्रिप्टो रिलीफ’ मदतनिधीला दिलेल्या देणगीपैकी त्यांच्याकडे परत गेलेले दहा कोटी डॉलर.